तो असता तर

आमची टीम हरली की तलावाच्या पाळीवर बसलेली माणसं उठता उठता एकच वाक्य बोलायची, "तो असता तं..." दुपट्टा झटकून खांद्यावर टाकायची आणि घरची वाट धरायची. पुढचं कोणी बोलत नसे. तो असता तर काय झालं असतं, हे सगळ्या गावाला पाठ होतं.

तो म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. माझं सासर गावातच, त्यामुळे तो माझा साळा व्हायच्या आधीपासून मी त्याला ओळखत होतो. आमचं गाव सडक अर्जुनीहून आत, जंगलाच्या बाजूला. आम्हा कोहळी समाजाच्या जुन्या पिढ्यांनी बांधलेला तलाव गावाच्या डोक्यावर आहे आणि पाळीच्या खाली सपाट आखर. सकाळी गावची गुरं तिथं जमतात. गुराखी ती चरायला घेऊन गेला की आखर आमचा. आमच्या शाळेत पीटीचे एक सर आले होते, गोंदियाच्या रेल्वे कॉलनीत वाढलेले. भोवतालच्या सगळ्या गावांत कबड्डी चालायची. त्या सरांनी आम्हाला फुटबॉलला लावलं. सर बदलून गेले, खेळ राहिला.

मी मधल्या फळीत खेळायचो. दम होता, डोकं बरं होतं, पाय साधारण. तो माझ्याहून बराच लहान. पण त्याला मिशी फुटायच्या आतच मला कळलं होतं, की मैदानावर माझं काम आता एवढंच उरलंय, बॉल मिळवायचा आणि त्याच्या डाव्या पायाकडे द्यायचा. पुढचं तो पाहायचा. अंगानं सुकटा, खांदे पडलेले, चालताना वाटायचं आता कुठं तरी टेकून बसेल. बॉल पायाशी आला की तोच पोरगा वेगळा. समोरच्याला वाटायचं हा उजवीकडे चालला, आणि तो डावीकडून निघून गेलेला असायचा. दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेला एकदा गोंदियाची टीम आली होती, बूट-मोजेवाली. त्यानं कॉर्नरवरून मारलेला बॉल हवेतच वळला आणि कोणाला न लागता सरळ गोलात गेला. लोक पाळीवरून धावत खाली आले. ज्याला या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं अशा एका म्हाताऱ्यानं अंगावरचा दुपट्टा काढून त्याच्या गळ्यात घातला.

त्यानंतर त्याला नागपूरला नेलं, तिथून कोलकात्याला. त्याचा पेपरात आलेला फोटो कटिंगच्या दुकानात आरशाच्या वर चिकटवला होता. माणसं दाढीसाठी मान मागं टाकायची तेव्हा तो दिसायचा. मग तो एका क्लबातून दुसऱ्यात गेला, दुसऱ्यातून तिसऱ्यात. प्रत्येक क्लब आधीच्याहून लहान होता, पण आम्हाला ते कुठं कळत होतं? आमच्यासाठी कोलकाता म्हणजे कोलकाता. उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं ते त्यानं फक्त बहिणीला सांगितलं. दुसऱ्या ऑपरेशनचं तिलाही सांगितलं नाही. लग्न राहून गेलं. एका खात्याच्या टीममध्ये कायमची नोकरी मिळायची होती, तिथं वय आडवं आलं.

इकडे आमची टीम दरवर्षी हरत होती. आणि हरलो की ते वाक्य.

मी शाळेत विज्ञान शिकवतो, आणि खेळणं सुटल्यापासून टीमचं सगळं माझ्याकडेच होतं. एका वर्षी दसरा झाल्यावर त्याचा फोन आला.

"भाऊजी, यंदा मंडईले टीम उतरून राहिली का?"

"उतरते ना. काऊन?"

"मी येऊन राहिलो. आपल्या टीमकडून खेळतो."

मी म्हटलं, "सुट्टी हाये का तुले?"

तो म्हणाला, "आता सुट्टीच हाये, भाऊजी."

या उत्तरात काय होतं ते मला तेव्हाच कळायला हवं होतं असं लोक म्हणतील. पण मी इतका हरखून गेलो होतो, की फोन ठेवला आणि रस्त्यात जो पहिला माणूस भेटला त्याला सांगून मोकळा झालो. संध्याकाळपर्यंत गावभर झालं.

दिवाळी आटोपली की आमच्या भागात गावोगाव मंडई भरते. लेकीबाळी माहेरी येतात, जावई येतात, रात्री दंडारीचा नाच-नाटकाचा खेळ होतो, दिवसा खेळांचे सामने. हलका धान कापून झालेला असतो, भारी धान उभा असतो. लोकांना थोडी उसंत असते. मी त्याला आणायला सडक अर्जुनीला गेलो. हायवेवर ट्रकांच्या धुळीत तो एका ढाब्यापुढे उभा होता. चेहरा तोच, अंग भरलेलं. मोटरसायकलवर बसताना त्यानं पाय टाकला तो आधी सीटला हात टेकून, हळूच. गावच्या वेशीवर दंडारीची ढोलकी घेऊन पोरं उभी होती. गुलाल उडाला. तो हसत होता, पण गाडीवरून उतरला नाही. "घरापर्यंत चला, भाऊजी," माझ्या कानाशी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आखरावर सराव. आधी त्यानं उभ्या उभ्या बॉल खेळवून दाखवला, मांडीवर, खांद्यावर, टाचेवर. आमची पोरं आ वासून पाहत राहिली. मग खरा खेळ सुरू झाला आणि मी पाहिलं, की तो डावीकडे वळतो, उजवीकडे वळतच नाही. बॉल मागे पडला तर तो आणायला दुसऱ्या कोणाला तरी खुणावतो. पळतो तेव्हा कंबरेपासून वरचं अंग पळतं, पाय मागून येतात.

"प्रवासानं अंग धरलं," तो म्हणाला. "दोन दिवसांत मोकळं होते."

टीममध्ये एक तरणा फॉरवर्ड होता. एरवी धानाच्या गिरणीचा मेटॅडोर चालवायचा. त्याला कोणी काही शिकवलं नव्हतं. बैलासारखा सरळ पळायचा आणि समोर येईल त्याला घेऊन गोलात शिरायचा. गेल्या एक-दोन वर्षांत आमचे जे थोडे गोल झाले ते त्याचेच. मी काही बोलायच्या आतच तो म्हणाला, "सर, त्यायच्यासमोर मी कोन? मले बाजूले टाका." त्याला उजव्या बाजूला टाकला, आणि तिथं तो पार हरवून गेला.

पहिला सामना शेजारच्या गावाशी होता. ती टीम नवखी, अर्धी पोरं अनवाणी. पाळ माणसांनी भरली होती. पहिला बॉल त्याच्या पायाशी आला तेव्हा जी आरोळी उठली, तिनं तलावातली बदकं उडाली. त्यानं मान वर न करता डाव्या पायानं बॉल दिला. काय दिला होता! दोन माणसांच्या मधून, गवताला चाटत, बरोबर तेवढ्याच वेगानं. पण तो जिथं गेला तिथं आमचं कोणीच नव्हतं. बॉल निवांत रेषेबाहेर गेला.

लोकांनी ते सोडून दिलं. मग पुन्हा तसंच झालं. आणि पुन्हा.

"कोनाले देऊन राहिला बे हा?" पाळीवरून कोणी तरी म्हणालं, आणि त्याच्या भोवतीचे हसले.

तो पोरांवर ओरडायला लागला, हिंदीत. "अरे, जगह में भाग! मुझे मत देख, जगह में भाग!" पोरं त्याच्याकडेच पाहत राहायची. मध्यंतरात आमच्या बॅकनं मला बाजूला घेऊन अगदी मनापासून विचारलं, "सर, ते कोनती जगा म्हनून राहिले?"

गुडघ्याचं मला सरावातच कळलं होतं. हे वेगळं होतं. इतकी वर्षं तो शिकलेल्या माणसांबरोबर खेळला होता. कोण कुठं पळणार हे तिथं न सांगता कळायचं. तो अजून त्यांच्याबरोबरच खेळत होता, फक्त ती माणसं आखरावर नव्हती. आणि आमची पोरं त्याला बॉल देत होती तो जुन्या गोष्टी ऐकून, लांब, डोक्यावरून, पळून गाठायचा. ते पळणं आता त्याच्यात नव्हतं.

तो सामना आम्ही कसाबसा जिंकलो. समोरच्याच एका पोराच्या पायाला लागून बॉल त्यांच्या गोलात गेला. ढोलकी वाजली. त्याला खांद्यावर घ्यायला पोरं आली तर तो म्हणाला, "नको रे, घाम हाये."

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही दोघं पाळीवर बसलो होतो. खाली आखर रिकामा होता. त्यानं पॅन्टचा पाय वर सरकवला. गुडघा सुजून गोल झाला होता, त्यावर दोन्ही बाजूंनी टाक्यांच्या रेषा. ओला पंचा त्यानं गुंडाळला आणि म्हणाला, "डॉक्टरनं मागेच सांगतलं, बंद कर म्हनून."

"मंग कायले आला रे?" माझ्या तोंडून गेलं.

"दुसरं येते काय मले, भाऊजी?"

तलावाच्या पलीकडे कोणी जाळं टाकत होतं. तो तिकडे पाहत राहिला.

"तिकडं बेंचवर बसो ना," तो म्हणाला, "तं मनात म्हनो, जाऊ दे. आपलं गाव हाये. इथं काई नाई उरलं तं तिथं जाऊन खेळू. सारं गेलं तरी गावाले यायचं, तेवढं मनात ठेवून होतो." मग पंच्याची गाठ घट्ट करत म्हणाला, "बाईले पायाचं सांगू नका."

बाई म्हणजे माझी बायको. तिला सांगायची गरज नव्हती. तो रात्री उठून भिंत धरत मोरीकडे जातो हे तिनं पहिल्याच दिवशी पाहिलं होतं.

मी त्याला सुचवलं की पुढच्या सामन्यात दुसऱ्या हाफलाच उतर, थोडा वेळ. तो लगेच हो म्हणाला, जणू वाटच पाहत होता. पण पुढचा सामना होता गोंदियाजवळच्या मुर्रीच्या टीमशी, आणि मंडईचा मुख्य दिवस. सकाळपासून ट्रॅक्टरवर, टेम्पोत माणसं येत होती. मंडई भरवणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष मला म्हणाले, "सर, लोक त्याले पाहाले येऊन राहिले. त्याले बसवून ठेवाल तं लोक आपल्याले ठेवनार नाईत." तो शेजारीच उभा होता. बूट आधीच घातलेले. त्यानं माझ्याकडे पाहिलं, मी त्याच्याकडे पाहिलं, आणि तो मैदानात गेला.

मुर्रीचा मधला बॅक उंचापुरा पोरगा होता. नाणेफेकीच्या वेळी तो पुढे आला आणि सगळ्यांदेखत वाकून माझ्या साळ्याच्या पाया पडला. टाळ्या झाल्या. मला ते चांगलं वाटलं, हे कबूल करतो.

सामना सुरू झाला आणि थोड्याच वेळात त्यांनी एक गोल केला, मग दुसरा. आमची पोरं एकमेकांवर चिडायला लागली. पण मी पाहत होतो ते दुसरंच. याच्या पायाशी बॉल आला की तो उंच बॅक एक पाऊल मागे सरायचा. अंगाला अंग लागू देत नव्हता. पाय घालायची वेळ आली की थांबायचा. सुरुवातीला वाटलं घाबरतोय. मग कळलं, नाही, जपतोय. म्हाताऱ्या माणसाला रस्ता द्यावा तसा रस्ता देतोय.

त्यालाही कळलं. तो बॉल पायाखाली धरून उभाच राहिला.

"घे ना बे!" तो ओरडला. "बॉल घे! घेत काऊन नाई?"

त्या पोरानं मान खाली घातली. "दादा, आप खेलो ना," तो म्हणाला. त्याच्या आवाजात चेष्टा नव्हती. असती तर बरं झालं असतं.

मग हा बॉल घेऊन निघाला. समोर कोणी येत नव्हतं. एक माणूस बाजूला झाला, दुसरा झाला. गोलच्या तोंडाशी येऊन त्यानं डावा पाय मागे घेतला आणि त्याच क्षणी उजवा, ज्याच्यावर तो उभा होता, तो आत वळला. बॉल लागला, पण नुसता लागला. घरंगळत गेला आणि गोलकीपरनं वेलीवरची काकडी तोडावी तसा वाकून उचलला.

पाय वळून तो खाली पडला होता, पण कोणी हसलं नाही. कुठून तरी एकानं टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. मग सगळी पाळ टाळ्या वाजवायला लागली, आमचे, त्यांचे, बाहेरगावचे, सगळे. तो जमिनीवर हात टेकून उठला, दोन्ही हात कमरेवर ठेवून त्या माणसांकडे पाहत राहिला, आणि मग माझ्याकडे बोट करून दुसरा खेळाडू आत पाठवायची खूण केली.

मी मेटॅडोरवाल्याला उजव्या बाजूवरून मधे आणलं आणि एका नव्या पोराला आत पाठवलं. मनात कुठं तरी होतं की आता तरी हा बैलासारखा शिरेल. त्याला एक संधी मिळाली, स्वच्छ. त्यानं बॉल गोलवरून तलावाच्या पाण्यात घातला. मग तिसरा गोल झाला आणि सामना संपला.

तो शेवटपर्यंत माझ्या शेजारी बसून होता. शेवटी उठून मुर्रीच्या प्रत्येक पोराशी हात मिळवून आला. उंच बॅकच्या पाठीवरून हात फिरवला. पाळीवरून लोक उतरत होते. त्यांनी दुपट्टे झटकले, खांद्यावर टाकले. कोणी काही बोललं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्यांच्याकडे बोलायला काही नव्हतं.

माझी बायको बायकांच्या घोळक्यात बसली होती. तिनं टाळ्या वाजवल्या नाहीत असं मला नंतर तिच्या मैत्रिणीनं सांगितलं. घरी येऊन तिनं पाणी तापवलं. तो अंगणात बाजेवर बसला होता. तिनं गरम पाण्याचं घमेलं त्याच्या पायाशी ठेवलं आणि समोर उभी राहिली.

"झालं आता?"

"झालं, बाई."

"मंग जेव."

एवढंच. मी दारात उभा होतो, मला वाटलं ही आता रडेल किंवा तो तरी रडेल. दोघंही रडले नाहीत. त्यानं भात दोनदा मागून घेतला.

भारी धानाच्या कापणीला तो आमच्याकडेच राहिला. खाली बसवत नव्हतं, म्हणून उभ्यानं भारे उचलायचा. गावातल्या लोकांनी त्याला वाईट वागवलं असं नाही. रस्त्यात भेटले की थांबायचे, पिकाचं विचारायचे. पण फुटबॉलचा शब्द कोणी काढत नव्हतं, आणि त्यालाही ते कळत होतं. कटिंगच्या दुकानाला नवा रंग लागला तेव्हा फोटो काढला तो पुन्हा लागला नाही. दुकानदाराच्या मनात काही नव्हतं. कागद ओला होऊन फाटला, म्हणाला.

मंडळानं त्याला लहान पोरांना शिकवायला सांगितलं. तो रोज सकाळी आखरावर जायचा. पोरं आली, चांगली घोळक्यानं आली. तो त्यांना जागा शिकवत होता, बॉल नसताना कुठं जायचं ते. तासभर बॉलला पाय न लावता नुसतं जागेवर जायचं. पोरं कंटाळली. शेजारीच टेनिस बॉलचं क्रिकेट सुरू झालं होतं. एकेक करून ती तिकडे गेली. उन्हाळ्याच्या तोंडाला एके दिवशी मी शाळेत जाताना पाहिलं, तो एकटाच दगडांचे गोलपोस्ट मांडून बसला होता. मी गाडी थांबवली नाही.

मेटॅडोरवाला नागपूरला गोदामात कामाला गेला. गोलकीपरचं लग्न झालं. पुढच्या मंडईला अकरा जण जमेनात, म्हणून आम्ही टीम उतरवली नाही. त्याच्या पुढच्या वर्षी कोणी विचारलंही नाही. पूर्वी हरायचो तेव्हा कुठल्या तरी गावात आमचा एक माणूस होता, जो आला असता तर जिंकलो असतो. तो येऊन गेला होता.

आता तो नागझिऱ्याच्या बाजूला एका रिसॉर्टवर गेटवर असतो. मी गेल्या उन्हाळ्यात त्याला भेटायला गेलो. अंगावर खाकी शर्ट, पोट सुटलेलं. गाडी आली की उठतो, आडवा बांबू वर करतो, सलाम करतो. "वाघ दिसला का?" म्हणून पर्यटक त्यालाच विचारतात. तो म्हणतो, "दिसते, साहेब, सकाळी दिसते." त्यानं मला चहा पाजला. मोहफुलांचं यंदा कसं, तलावाला पाणी किती, बाईची कंबर दुखते का, सगळं विचारलं.

मी म्हटलं, "पाहा, पोरं जमली तर पुन्हा सुरू करू."

"कोनती पोरं, भाऊजी?" तो म्हणाला. रागानं नाही, खरंच माहीत नसल्यासारखं. मग एक गाडी आली आणि तो उठला. उठताना बांबूचा आधार घेतला.

मी परत आलो तेव्हा बायको ओसरीत सुपात लाखोरीची डाळ पाखडत होती.

"कसा हाये?"

"बरा हाये," मी म्हणालो. "मजेत हाये. जागा चांगली हाये, जंगलाची हवा."

ती पाखडत राहिली.

"खोटं कायले बोलता?" थोड्या वेळानं ती म्हणाली. वर पाहिलं नाही. "पुढच्या खेपेले मी येईन संग."

ती अजून गेलेली नाही. मीही पुन्हा गेलो नाही.